डिझेल इंजिनाची इंधन-अंतःक्षेपण यंत्रणा : समयन, देखभाल आणि कारागिरी यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

यंत्रांचा इतिहास बहुधा संशोधकांच्या नावांनी आणि पेटंटच्या वर्षांनी लिहिला जातो. यंत्र तयार झाले, विकले गेले, की इतिहासकाराचे काम संपले असे मानण्याची प्रथा आहे. वस्तुतः यंत्राचे खरे आयुष्य त्यानंतर सुरू होते. ते जितकी वर्षे वापरात असते तितकी वर्षे कोणीतरी ते उघडत असते, स्वच्छ करीत असते आणि पुन्हा जुळवीत असते. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांऐवजी वापर आणि देखभाल यांच्या अंगाने पाहण्याचा आग्रह धरला. त्या दृष्टीने डिझेल इंजिनाच्या इंधन-अंतःक्षेपण यंत्रणेकडे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

अंतःक्षेपण यंत्रणेला तीन गोष्टी साधाव्या लागतात. इंधनाची मात्रा अचूक असावी लागते, दाब पुरेसा असावा लागतो आणि इंधन योग्य क्षणी सिलिंडरमध्ये पोहोचावे लागते. यांपैकी तिसऱ्या गोष्टीस समयन म्हणतात. कारागिरांच्या भाषेत ते 'टायमिंग' होय. मात्रा आणि दाब यांचे नियंत्रण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच एका बंदिस्त, सूक्ष्म उपकरणात गेले व त्यांची दुरुस्ती विशेषज्ञांच्या हाती आली. समयन मात्र दीर्घकाळ इंजिनाशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती राहिले. या विभागणीमुळेच डिझेल इंजिन खेडोपाडी टिकू शकले, आणि ही विभागणी आता मोडत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडली की ज्वलन सुरू होते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. म्हणून इंधन केव्हा आत शिरते यावर ज्वलन केव्हा सुरू होते हे अवलंबून असते. पेट्रोल इंजिनातील कार्बुरेटर व प्रज्वलन यंत्रणा या दोहोंचे काम येथे एकट्या पंपाला व नोझलला करावे लागते.

हे काम किती सूक्ष्म आहे याची कल्पना एका परिचित उदाहरणावरून येईल. आपल्याकडील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत किर्लोस्करांचे 'टीव्ही-१' हे एकसिलिंडर इंजिन आढळते. त्याचा सिलिंडर-व्यास ८७.५ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ११० मिलिमीटर, वेग मिनिटास १५०० फेरे आणि शक्ती सुमारे ५.२ किलोवॅट आहे. दट्ट्या सर्वोच्च बिंदूस पोहोचण्यापूर्वी २३ अंश अंतःक्षेपण सुरू व्हावे असे त्याचे मानक समयन आहे. मिनिटास १५०० फेरे या वेगाने भुजादंड एका मिलिसेकंदात ९ अंश फिरतो. म्हणजे हे २३ अंश सुमारे अडीच मिलिसेकंदांत सरतात. समयनात एका अंशाची चूक म्हणजे एका सेकंदाच्या नऊ हजाराव्या भागाची चूक होय. पूर्ण भारावर दर वेळी आत जाणारे इंधन अंदाजे ३० मिलिग्रॅम, म्हणजे एका थेंबाहूनही कमी असते. तासाला ४५,००० वेळा हे माप तितकेच राहावे लागते.

इंधन आत शिरताक्षणी पेटत नाही. त्याचे तुषार होणे, वाफ होणे आणि तापणे यांत काही काळ जातो. या विलंबाचा आणि पुढील ज्वलनाच्या टप्प्यांचा मूलभूत विचार ब्रिटिश अभियंते हॅरी रिकार्डो यांनी केला. अंतःक्षेपण फार लवकर झाले तर विलंबकाळात इंधन साचते, एकदम पेटते आणि इंजिन ठोके देते. फार उशिरा झाले तर ज्वलन लांबते, शक्ती घटते, निष्कासित वायू अधिक तापतात आणि धूर वाढतो.

२. हवेच्या झोताचे युग

रुडॉल्फ डिझेल (१८५८–१९१३) यांना १८९३ मध्ये जर्मन पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी त्यांचा उष्णता-इंजिनाविषयीचा सैद्धांतिक ग्रंथ प्रसिद्ध झाला. ऑग्सबुर्ग येथील कारखान्यात १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या प्रायोगिक इंजिनात इंधन सोडले गेले तेव्हा सिलिंडरमध्ये असा दाब उसळला की दाबमापक यंत्र फुटून त्याचे तुकडे उडाले. ज्वलन होते हे सिद्ध झाले. परंतु ते आवरणे कठीण आहे हेही त्याच दिवशी स्पष्ट झाले.

डिझेल यांनी आरंभी द्रवरूप इंधन पंपाने थेट आत ढकलण्याचे प्रयत्न केले. इतकी सूक्ष्म मात्रा इतक्या दाबाने देणारा पंप त्या काळच्या कारखान्यांच्या आवाक्यात नव्हता. अखेर त्यांनी अत्यंत दाबलेल्या हवेच्या झोताबरोबर इंधन आत फवारण्याची पद्धत स्वीकारली. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक मोरिट्झ श्र्योटर यांनी घेतलेल्या चाचणीत इंजिनाची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. तत्कालीन वाफेच्या इंजिनांच्या तुलनेत ही मोठी मजल होती. मात्र या यशात एक मर्यादा दडलेली होती. झोतासाठी स्वतंत्र हवा-संपीडक लागे. तो अवजड, महाग आणि बिघाडास प्रवण होता व इंजिनाच्या शक्तीचा काही भाग खाऊन टाकीत असे. त्यामुळे डिझेल इंजिन विद्युत्केंद्रांत आणि जहाजांत स्थिरावले. १९१२ मध्ये प्रवासास निघालेले 'सेलांडिया' हे डॅनिश जहाज त्याचे ठळक उदाहरण होय. अशा ठिकाणी इंजिनाशेजारी प्रशिक्षित अभियंता सदैव हजर असे.

इंग्लंडमध्ये हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट यांनी १८९० मध्ये वेगळ्या तत्त्वाचे पेटंट घेतले होते आणि ग्रँथम येथील हॉर्न्सबी कंपनीने १८९२ पासून त्या इंजिनांचे उत्पादन सुरू केले. त्यात हवेच्या झोताशिवाय, साध्या पंपाने तेल एका तप्त कोठीत सोडले जाई. परंतु हे तेल हवा आत ओढली जात असतानाच सोडले जाई. प्रज्वलनाचा क्षण कोठीच्या तापमानावर आणि हवेच्या संपीडनावर ठरे, पंपावर नव्हे. पंप साधा होता, कारण समयनाची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. साधेपणा आणि अचूकता यांचा मेळ दोन्ही मार्गांपैकी एकालाही साधला नव्हता.

३. बंदिस्त पंपाचा उदय

हवेच्या झोताशिवाय केवळ द्रवदाबाने अंतःक्षेपण करण्याचा यशस्वी प्रयत्न व्हिकर्स कंपनीचे जेम्स मॅकेक्नी यांनी १९१० च्या सुमारास केला. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश पाणबुड्यांच्या व्हिकर्स इंजिनांत ही पद्धत वापरली गेली. त्यात सर्व सिलिंडरांना एका सामाईक उच्चदाब नळीतून इंधन मिळे. पुढे शतकाच्या अखेरीस हीच कल्पना नव्या रूपात परतली. जर्मनीत बेंझ कंपनीचे प्रॉस्पर लोरांज यांनी १९०९ मध्ये पूर्वकोष्ठाचे पेटंट घेतले व पुढे सुई-नोझल आणि मात्रा बदलू शकणारा पंप यांवर काम केले. १९२३-२४ मध्ये बेंझ आणि मान या कंपन्यांच्या डिझेल मालमोटारी अस्तित्वात आल्या. वाहनासाठी डिझेल इंजिन शक्य झाले होते. उणीव होती ती घाऊक प्रमाणात, एकसारख्या अचूकतेने बनणाऱ्या पंपाची.

ती उणीव श्टुटगार्ट येथील रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने भरून काढली. प्रज्वलन-मॅग्नेटोच्या उत्पादनामुळे सूक्ष्म भाग मोठ्या संख्येने घडविण्याचा अनुभव तिच्यापाशी होता. १९२२ मध्ये डिझेल अंतःक्षेपणाचे काम हाती घेऊन १९२७ मध्ये तिने पंपाचे मालिका-उत्पादन सुरू केले. १९३१ मध्ये इंग्लंडमध्ये सीएव्ही-बॉश ही संयुक्त कंपनी निघाली. १९३६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात आलेली मर्सिडीज-बेंझ २६० डी ही मोटार याच विकासाचे फलित होय.

या पंपाचे तत्त्व समजून घेणे आवश्यक आहे, कारण देखभालीची पुढील सर्व विभागणी त्यातूनच उद्भवली. प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर व एक बॅरल अशी जोडी असते. कारागीर तिला 'एलिमेंट' म्हणतात. प्लंजरची धाव कायम तेवढीच असते. वर जाताना तो बॅरलमधील छिद्र झाकतो. त्या क्षणी दाब चढू लागतो व इंधन नोझलकडे निघते. प्लंजरच्या अंगावर एक तिरपी खाच कोरलेली असते. ती छिद्रापाशी आली की उरलेले इंधन परत वाहून जाते आणि पुरवठा थांबतो. दंतपट्टीने, म्हणजे 'रॅक'ने, प्लंजर स्वतःभोवती फिरविला की खाच छिद्राला लवकर किंवा उशिरा गाठते आणि मात्रा कमीजास्त होते. म्हणजे आरंभ ठरलेला राहतो आणि शेवट बदलतो. आरंभ ठरलेला असल्यामुळेच तो बाहेरून, साध्या साधनांनी तपासता येतो.

प्लंजर आणि बॅरल यांच्यातील फट अवघी दोन-तीन मायक्रॉन असते. मानवी केस याच्या किमान वीसपट जाड असतो. ही जोडी एकत्र घासून जुळविलेली असते. एकीचा प्लंजर दुसरीच्या बॅरलमध्ये चालत नाही. गळती अडविण्यासाठी त्यात कोणतेही पॅकिंग नसते. पृष्ठभागांची जुळणी हेच पॅकिंग होय. म्हणून धुळीचा कण हा या यंत्रणेचा पहिला शत्रू ठरतो आणि पाणी हा दुसरा.

४. समयनाची रीत

एकसिलिंडर इंजिनाचे समयन लावण्याची रूढ रीत 'स्पिल' पद्धत म्हणून ओळखली जाते. प्रथम दट्ट्या संपीडन-धावेवर असल्याची खात्री करावी लागते. चतुर्धाव इंजिनात दट्ट्या एका चक्रात दोनदा वर येतो. दोन्ही झडपा बंद आहेत हे पाहिले नाही तर सारे गणित एका पूर्ण फेऱ्याने चुकते. त्यानंतर पंपावरील डिलिव्हरी व्हॉल्व्ह व त्याची स्प्रिंग काढून धारक पुन्हा बसवितात आणि त्यावर वाकडी नळी जोडतात. रॅक पुरवठ्याच्या स्थितीत धरून टाकीतील इंधन सुरू केले की नळीच्या तोंडातून ते वाहू लागते, कारण बॅरलचे छिद्र अजून उघडे असते. आता फ्लायव्हील इंजिनाच्या चालीच्या दिशेनेच हळूहळू फिरवितात. धार बारीक होते, थेंब पडू लागतात आणि एका जागी थेंबही थांबतो. प्लंजरने छिद्र झाकल्याचा तो क्षण होय. त्या वेळी फ्लायव्हीलवरील खूण दर्शकासमोर यावयास हवी.

ती पुढे गेली असेल तर समयन उशिराचे आहे. पंपाच्या बैठकीखालील पातळ पत्रे, म्हणजे 'शिम', कमी केले की पंप खाली बसतो, कॅम प्लंजरला लवकर उचलतो आणि समयन अलीकडे येते. शिम वाढविले तर उलट परिणाम होतो. चाक खुणेच्या पुढे गेले तर ते किंचित मागे घेऊन भागत नाही. दातेरी चाकांमधील ढिलाई निघून जावी म्हणून बरेच मागे नेऊन पुन्हा चालीच्या दिशेने यावे लागते. शेवटी डिलिव्हरी व्हॉल्व्ह स्वच्छ डिझेलमध्ये धुऊन बसवितात आणि नळ्यांतील हवा काढतात. हवा दाबली जाते, इंधन जवळजवळ दाबले जात नाही. म्हणून नळीत हवा राहिली तर पंपाची धाव हवा दाबण्यातच संपते आणि नोझल उघडतच नाही. 'एअर काढणे' हे काम डिझेल इंजिनाच्या प्रत्येक चालकाला येत असे ते यामुळे.

या सर्व क्रियेला लागतात त्या वस्तू म्हणजे दोन-तीन पाने, एक वाकडी नळी, स्वच्छ डिझेल आणि लक्ष देणारी नजर. सेकंदाच्या नऊ हजाराव्या भागाचे काम माणूस थेंबाकडे पाहून करतो. जलद क्रिया संथ करून, वेळेचे रूपांतर अंतरात करून मोजण्याची ही युक्ती आहे. तिच्यात अभियांत्रिकी आणि कारागिरी यांची जी सांगड दिसते तिची नोंद तंत्रज्ञानाच्या इतिहासात क्वचितच घेतली जाते.

बहुसिलिंडर इंजिनात पंप जोडणाऱ्या कपलिंगच्या लांबट छिद्रांतून संपूर्ण पंपाचे समयन अलीकडे-पलीकडे करता येते. मात्र सहा सिलिंडरांच्या पंपात प्रत्येक दोन पुरवठ्यांमध्ये पंपाचा दंड नेमका ६० अंश फिरला पाहिजे, ही तपासणी इंजिनावर होत नाही. येथे दुसऱ्या जागेची गरज निर्माण होते.

५. देखभालीची दोन केंद्रे

ही दुसरी जागा म्हणजे कॅलिब्रेशनची कार्यशाळा. येथे पंप इंजिनापासून वेगळा करून चाचणी-यंत्रावर चढवितात. ठरलेल्या वेगाला, ठरलेल्या रॅक-स्थितीला, ठरावीक धावांत प्रत्येक एलिमेंट किती इंधन देतो हे काचेच्या मापनळ्यांत उतरवून पाहतात. सर्व नळ्यांतील पातळी समान आली की इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर समान भार उचलणार याची हमी मिळते. नोझलची तपासणी हातपंपावर होते. ते ठरलेल्या दाबाला उघडते काय, फवारा एकसारखा येतो काय, उघडण्यापूर्वी टोकाशी थेंब साचतो काय, हे पाहिले जाते. अनुभवी कारागीर नोझलच्या थरथरत्या आवाजावरूनही त्याची अवस्था ओळखतो. या फवाऱ्यापुढे हात धरू नये हा येथील पहिला धडा असतो, कारण तो कातडी भेदून आत शिरतो.

अशा कार्यशाळेविना बंदिस्त पंप निरुपयोगी ठरला असता. बॉश कंपनीची अधिकृत दुरुस्ती-सेवा १९२१ मध्ये हॅम्बुर्ग येथे सुरू झाली, म्हणजे पंपाच्या उत्पादनापूर्वी सहा वर्षे. दुरुस्तीचे जाळे आधी विणले गेले आणि नवे उत्पादन त्यावर पसरले, हा क्रम उद्बोधक आहे. मात्रा व दाब यांसाठी कार्यशाळा आणि समयन, गाळणी व हवा काढणे यांसाठी इंजिनाची जागा, अशी कामाची वाटणी झाली. वापरणारा पूर्णतः स्वावलंबी नव्हता, परंतु पूर्णतः परावलंबीही नव्हता.

६. महाराष्ट्रातील अनुभव

महाराष्ट्राशी या इतिहासाचा संबंध दुहेरी आहे. साताऱ्याच्या कूपर कंपनीची गणना भारतातील सर्वांत आधीच्या डिझेल इंजिन उत्पादकांत होते. १९४६ मध्ये शंतनुराव किर्लोस्कर यांनी पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी स्थापन केली. इंजिन देशात बनू लागले तरी अंतःक्षेपणाचे सूक्ष्म भाग हा स्वतंत्र प्रश्न होता. १९५१ मध्ये बॉशच्या सहयोगाने बंगळूर येथे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे 'मायको', स्थापन झाली आणि सत्तरीच्या दशकाच्या आरंभापासून तिचा नाशिकचा कारखाना नोझल व इंजेक्टर यांच्या उत्पादनासाठी ओळखला जाऊ लागला. २००८ मध्ये या कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले. कारागिरांच्या बोलण्यात मात्र 'मायको' हा शब्द पुढेही राहिला.

ग्रामीण महाराष्ट्रात वीज पोहोचण्यापूर्वी मोटेची जागा घेतली ती अनेक ठिकाणी ऑइल इंजिनाने. विहिरीवरील पंप, पिठाची गिरणी, उसाचे गुऱ्हाळ अशी त्याची कामे होती. पेरणीच्या किंवा ऊस गाळण्याच्या दिवसांत बंद पडलेले इंजिन म्हणजे केवळ यंत्राचा बिघाड नव्हे, तर हंगामाचे नुकसान होते. म्हणून हवा काढणे, गाळणी बदलणे आणि प्रसंगी समयन लावणे ही कामे गावातच शिकली गेली. एलिमेंट झिजले तरच पंप काढून, स्वच्छ कापडात गुंडाळून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी नेला जाई. बाजारपेठेच्या रस्त्यावरील 'डिझेल पंप दुरुस्ती'च्या पाट्या ही या श्रमविभागणीची खूण आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील डिझेल मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाने या ज्ञानाला औपचारिक रूप दिले. पण बराचसा भाग मिस्त्री आणि त्याच्या हाताखालचा मुलगा यांच्यातच संक्रमित होत राहिला.

येथे भाषेचाही प्रश्न उद्भवतो. 'अंतःक्षेपण', 'समयन', 'संपीडन' या संज्ञा ग्रंथांत आल्या, तर कार्यशाळेत 'पंप-नोझल', 'टायमिंग', 'एलिमेंट', 'एअर घेणे' हे शब्द रुळले. ग्रंथांची मराठी कार्यशाळेत गेली नाही आणि कार्यशाळेची मराठी ग्रंथांत आली नाही. परिणामी ज्यांना काम येत होते त्यांचे लेखन झाले नाही आणि ज्यांनी लेखन केले त्यांपैकी अनेकांचा कामाशी संबंध नव्हता.

७. समयनाचे स्थलांतर

नव्वदीच्या दशकात उच्चदाबाची सामाईक नळी, म्हणजे 'कॉमन रेल', इलेक्ट्रॉनिक नियंत्रणासह बाजारात आली. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ ही मोटार या प्रणालीसह विक्रीस आली. या प्रणालीत पंप केवळ दाब निर्माण करतो; इंधन केव्हा आणि किती सोडावयाचे हे संगणकीय नियंत्रक ठरवितो. एकाच धावेत इंधन अनेक हप्त्यांत सोडता येते, त्यामुळे आवाज आणि प्रदूषण दोन्ही घटतात. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांनंतर नव्या डिझेल वाहनांत असे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण अपरिहार्य झाले. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांसाठीही २०२३ पासून कडक मानके लागू झाली.

हा बदल इष्ट आहे यात शंका नाही. शहरांच्या हवेचा विचार करता तो टाळणेही योग्य नव्हते. परंतु त्याचा एक परिणाम नोंदविला पाहिजे. फ्लायव्हीलवरील खूण आणि नळीच्या टोकाचा थेंब यांच्या आधारे तपासता येणारे समयन आता नियंत्रकाच्या आज्ञावलीत गेले. ते वाचण्यासाठी निदान-उपकरण लागते आणि त्यात बदल करण्याचा अधिकार सहसा वापरणाऱ्याकडे नसतो. पूर्वीच्या विभागणीत जी एक बाजू त्याच्या हाती होती तीही सुटली. जुन्या पद्धतीची लहान कृषी-इंजिने अद्याप लाखो हातांत आहेत, मात्र ती जुळविणारी पिढी वयस्क होत आहे.

निष्कर्ष

१. डिझेल इंजिनाचा प्रसार केवळ ज्वलन-तत्त्वाच्या शोधाने झाला नाही. १८९७ चे यशस्वी इंजिन आणि १९२७ चा घाऊक पंप यांमधील तीस वर्षे मुख्यतः अंतःक्षेपणाच्या प्रश्नाने व्यापली होती.

२. पुरवठ्याचा आरंभ ठरलेला ठेवणाऱ्या पंपरचनेमुळे समयन साध्या साधनांनी तपासता आले. यंत्राच्या रचनेतच वापरणाऱ्याच्या सहभागाला जागा होती.

३. विशेषज्ञांची कार्यशाळा आणि इंजिनाची जागा या दोन केंद्रांच्या परस्परपूरक संबंधामुळे हे गुंतागुंतीचे यंत्र ग्रामीण भागात टिकले.

४. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने अचूकता वाढविली, तथापि देखभालीचे ज्ञान उत्पादकाकडे केंद्रित केले.

या पार्श्वभूमीवर महाविद्यालयांना एक काम तातडीने करता येण्यासारखे आहे. आपल्या परिसरातील डिझेल पंप कारागिरांच्या मुलाखती, त्यांची हत्यारे, त्यांच्या वहीतील समयनाच्या नोंदी आणि त्यांची शब्दसंपदा यांचे संकलन इतिहास, मराठी आणि विज्ञान विभागांनी मिळून हाती घ्यावे. थेंब कोठे थांबतो हे पाहून इंजिन जुळविणाऱ्या माणसांचे ज्ञान ग्रंथांत नाही. ते त्यांच्या हयातीतच नोंदवून घ्यावे लागेल.